टकटक होते, पेटत नाही

दिवाळी सरली की माझा फोन पहाटे वाजायला लागतो. एरवी दहा वाजेपर्यंत कुणाला मिस्त्री आठवत नाही. पण नांदेडची पहाट गारठू लागली की अंगाला साबण लावून न्हाणीघरात उभा असलेला माणूस ओल्या हातानं फोन लावतो आणि एका वाक्यात सगळं सांगतो, "टकटक करायलंय, पण पेटंना!" मागून बायकोचा आवाज येतो, "नवीनच घ्या म्हणावं आता."

मी गॅसच्या शेगड्या, गिझर आणि आचाऱ्यांच्या भट्ट्या दुरुस्त करतो. घर नांदेडला, सासुरवाडी लातूरला, त्यामुळं गिऱ्हाईक दोन्हीकडं. आमच्या भागात गॅसचा गिझर घरोघरी शिरला तो भारनियमनाच्या काळात. सकाळी नेमक्या आंघोळीच्या वेळेला लाइट जायची आणि या डब्याला लाइट लागत नाही, दोन जाडे सेल पुरतात. वीज सुधारली तरी भिंतीवरचा डबा राहिला.

लोकांचा हिशेब सरळ असतो. टकटक म्हणजे ठिणगी. ठिणगी आहे, सिलिंडर भरलेला आहे, तरी पेटत नाही म्हणजे मशीन गेलं. मला मात्र या धंद्यात जितकं राहिलो तितकं पटत गेलं की न पेटणारा गिझर बहुधा बिघडलेला नसतोच, तो नकार देत असतो. त्याला कशाची तरी खात्री पटलेली नसते. कशाची, ते शोधायचं, एवढंच माझं काम.

नळ सोडला की पाणी आधी एका बारीक जाळीतून जातं, मग पितळी व्हॉल्व्हमधल्या रबरी पडद्यापाशी येतं. पाणी वाहू लागलं की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा सरकतो, त्याला टेकलेली पिन गॅसची वाट उघडते आणि शेजारचा मायक्रोस्विच सोडते. तिथून पुढं सेलवरचं सर्किट जागं होतं. ते एकीकडं ठिणगी पाडतं, दुसरीकडं गॅसची दुसरी झडप ओढून धरतं. बर्नरवर ठिणगीच्या सुईशेजारी आणखी एक सुई असते, ती सेन्सरची. ज्योतीतून अगदी सूक्ष्म वीज वाहू शकते, मायक्रोअँपियरमध्ये मोजावी इतकी. ती या सुईला मिळाली की सर्किटला कळतं, जाळ लागला. काही सेकंदांत मिळाली नाही तर झडप बंद. वर तांब्याच्या नळीवर एक थर्मोस्टॅट बसलेला असतो, पाणी फार तापलं तर तोही सगळं थांबवतो. यातल्या एकानंही हरकत घेतली तर गॅस सुटत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या कानावर फक्त टकटक येते. कधी तीही नाही.

आधी स्वस्तातलं कारण, सेल. ठिणगीला थोड्या विजेत भागतं, झडप ओढायला जास्त लागते. सेल उतरले की टकटक चालू राहते आणि गॅस सुटत नाही. "सेल नवीनच आहेत," हे मी ऐकून घेतो आणि मीटर काढतो. नुसता सेल मोजला तर मेलेलासुद्धा दीड व्होल्टच्या आसपास दाखवतो, कारण त्याच्यावर काहीच काम नसतं. नळ सोडून, टकटक चालू असताना मोजला की सोंग उघडं पडतं. एका गुरुजींनी पर्यावरणासाठी म्हणून चार्जिंगचे सेल घातले होते. ते भरलेले असले तरी एक पूर्णांक दोन व्होल्टचे, दोन मिळून अडीचही होत नाहीत. गुरुजींना गणित लगेच पटलं, पण सेल वाया गेल्याचं दुःख राहिलं. मी ते भिंतीवरच्या घड्याळात घाला म्हणालो, तर मापात बसेनात.

सेल ठीक असतील तर मी गिझर उघडतच नाही. जिन्यानं वर जातो आणि टाकी बघतो. घरच्यांना हे विचित्र वाटतं. गॅसचा मिस्त्री बोलावला आणि हा पाण्याची टाकी कशाला बघतोय? पण आमच्याकडच्या एकमजली घरांत निम्मी भानगड तिथं असते. पाण्याचा दाब टाकी किती लिटरची आहे यावर ठरत नाही, किती उंचावर आहे यावर ठरतो. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब. गिझरचा पडदा सरकायला पाव किलोच्या आसपास लागतो, म्हणजे अडीच मीटर. आता स्लॅब दहा फुटांवर, टाकी थेट स्लॅबवर टेकवलेली, गिझर भिंतीवर पाच फुटांवर. टाकीच्या बुडापासून गिझरपर्यंत उरले पाच फूट, जेमतेम दीड मीटर. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर आतल्या पाण्याचे आणखी तीन फूट मिळतात आणि काम कसंबसं भागतं. म्हणून अशा घरात पहिल्या आंघोळीला गिझर पेटतो, तिसऱ्याला पेटत नाही. घरातला तिसरा माणूस म्हणजे बहुधा सून किंवा शाळेत जाणारं पोर, त्यामुळं "तुलाच कसं पेटवता येत नाही" हे वर ऐकून घ्यावं लागतं. टाकी भरून दिल्यावर गिझर पहिल्या टकटकीत पेटला की त्या सुनेचा चेहरा बघण्यासारखा असतो.

उपाय सोपा, टाकी विटांच्या ओट्यावर चढवायची. औसा तालुक्यातल्या एका घरी मी तो सांगितला तर म्हातारबाबांनी मान हलवली. "डोक्यावर वजन नको." त्यांचं घर भूकंपानंतरच्या पुनर्वसनातलं. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपले होते. चार वाजायला चार मिनिटं असताना किल्लारी आणि आसपासची गावं खाली बसली. दगडाच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली माणसं गेली. बाबांच्या घरचीही गेली होती. त्यांना दाबाचं गणित समजत नव्हतं असं नाही, त्यांना ते करायचंच नव्हतं. पोरगा हळूच म्हणाला, प्रेशर पंप बसवू. पण पंपाला लाइट लागते आणि त्या गावात लाइटीचा भरवसा कमी. मग गॅसच्या गिझरचा उपयोग काय?

आम्ही दुसरी वाट काढली. टाकीपासून गिझरपर्यंत अर्ध्या इंचाचा पाइप होता, तो पाऊण इंची केला. वाटेतले नको ते एल्बो काढले, कारण प्रत्येक वळण पाण्याचा जोर खातं. गिझर दोन फूट खाली घेतला आणि शॉवरचं तोंड बंद करून बादलीचा नळ तेवढा ठेवला. शॉवर सात फुटांवर, बादलीचा नळ दोन फुटांवर, पाण्याला पाच फूट उतार जास्त मिळाला. टाकी निम्मी असतानाही गिझर पेटला. घरात शॉवर कुणी वापरतच नव्हतं, तो फक्त आर्किटेक्टच्या नकाशात होता म्हणून बसला होता.

दुसरा मोठा गुन्हेगार म्हणजे खारं पाणी. नांदेडला विष्णुपुरी धरणामुळं गोदावरीचं पाणी मिळतं, त्याचा त्रास पावसाळ्यातल्या गाळापुरता. लातूरला बोअरचं पाणी जास्त आणि बोअर जितकं खोल तितके क्षार जास्त, असा माझा अनुभव. २०१६ साली तर मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभरातले कॅमेरे स्टेशनवर होते. त्या उन्हाळ्यात गिझर अर्थातच कुणी लावला नाही. माझ्याकडं त्याचा हिशेब आला पुढच्या थंडीत. वर्षभर बोअरचं, टँकरचं, कुठल्या कुठल्या विहिरीचं पाणी त्याच टाक्यांतून फिरलं होतं. जाळ्या चिखलानं बसलेल्या, रबरी पडदे कडक होऊन वाकायला तयार नाहीत, पिनेभोवती पांढरा खर. जाळी दात घासायच्या जुन्या ब्रशनं निघते. खर काढायला किराणा दुकानातलं लिंबूसत्व कोमट पाण्यात कालवून तांब्याच्या नळीत ओतून ठेवतो, फसफस थांबली की सोडतो आणि नळी खळखळून धुतो. काही मिस्त्री फरशीचं ॲसिड वापरतात. खर झटक्यात जातो, पण पातळ तांबंही खाल्लं जातं आणि वर्षाच्या आत नळी ठिबकते. गिऱ्हाईक मग कंपनीला शिव्या देतं.

खर धरलेल्या नळीत पाणी कमी जातं, तेवढ्याच जाळावर जास्त तापतं, आणि वरचा थर्मोस्टॅट गिझर बंद करतो. मग कुणीतरी येतं आणि तो "डायरेक्ट" करून देतं. हा आमच्या धंद्यातला सगळ्यात घातक शब्द. थर्मोस्टॅटच्या दोन वायरी कापायच्या, एकमेकींना पीळ द्यायचा, वर काळी टेप. पाच मिनिटांत गिझर चालू, गिऱ्हाईक खूश. झाकण काढल्यावर टेपची अशी गाठ दिसली की मी आधी ती सोडतो, नवा थर्मोस्टॅट बसवतो आणि मगच पुढं बोलतो. त्याची किंमत दोन चहांपेक्षा फार नसते. तरी लोक हुज्जत घालतात, "चांगलं चाललेलं कशाला बिघडवायलाव?" डायरेक्ट केलेल्या गिझरमध्ये पाण्याची वाफ होऊ शकते. नळी फुटली तर खाली लहान पोर उभं असू शकतं. मला डायरेक्ट करायला सांगणाऱ्याला मी दुसरा मिस्त्री बघायला सांगतो. त्याला तो अर्ध्या तासात मिळतो, हेही मला माहीत आहे.

गिझर बाहेर बसवा, असं मी प्रत्येकाला सांगतो. त्यामागं साधा हिशेब आहे. सहा लिटरचा गिझर पूर्ण जाळावर तासाला साधारण एक किलो गॅस खातो. एक किलो गॅस नीट जळायला पंधरा किलोच्या वर हवा लागते, म्हणजे बारा-तेरा घनमीटर. पाच बाय सहाच्या न्हाणीघरात, उंची आठ फूट धरली तरी, सात घनमीटरसुद्धा हवा नसते. दार लावून पंधरा मिनिटं आंघोळ केली की निम्म्या खोलीची हवा बर्नरच्या वाट्याला गेली. हवा कमी पडली की जाळ पिवळा होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला मरकॅप्टनचा वास तरी असतो, या वायूला तोही नाही. माणूस चक्कर येऊन पडतो आणि आतून कडी असते.

पण बाहेर लावला की बाहेरचं जग गिझरमध्ये राहायला येतं. उन्हाळाभर बंद असलेल्या बर्नरच्या नळ्यांत कोळी जाळं विणतो, कुंभारीण माशी मातीचं घर करते. गॅस आणि हवा मिसळायची वाट तिथंच असते. वाट अर्धी बुजली की ठिणगी पडते तेव्हा बर्नरवर गॅस पोचलेला नसतो. तो मागं साठत राहतो आणि मग एकदम भक्क करून पेटतो. हा गॅस हवेपेक्षा जड, वर उडून जात नाही, डब्याच्या तळाशी बसतो. असा भडका ज्या गिझरनं एकदा जरी दिला तो साफ केल्याशिवाय पुन्हा लावायचा नाही. सर्किटवर पाल चिकटून मेलेली मी पुष्कळदा काढली आहे. उंदरांना ठिणगीच्या वायरीचं रबर आवडतं. पावसाळ्यानंतर त्याच वायरीला बारीक चिरा पडतात आणि ठिणगी सुईच्या टोकाला जायच्या आधीच पत्र्यावर उडी मारते. टकटक ऐकू येते, पण ती भलतीकडं. हे दिवसा दिसत नाही. त्यासाठी मी दिवे मालवून, डोक्यावर पोतं पांघरून बघतो. निळी ठिणगी कुठं उडते ते अंधारात लख्ख दिसतं. एकदा शेजाऱ्यांना वाटलं, मिस्त्री काही करणी करतोय.

बाहेरच्या गिझरचा जाळ वाऱ्यानंही विझतो. त्यावर लोकांचा उपाय म्हणजे प्लायवूडची पेटी. गिझर चारी बाजूंनी झाकायचा. वारा थांबतो, पण हवाही थांबते, आणि बाहेर लावल्याचा उपयोग गेला. वर पत्र्याचं छप्पर आणि वाऱ्याच्या बाजूला एक आडोसा पुरतो. गिझर पेटतो आणि दोन-चार सेकंदांत विझतो, अशी तक्रार असेल तर मात्र वाऱ्याच्या आधी सेन्सरची सुई बघावी. तिच्यावर काजळी किंवा गंज बसला की ज्योत असूनही तिला कळत नाही. बारीक पॉलिश पेपरनं दोनदा घासली की सुई पुन्हा बोलू लागते.

गॅसबद्दल वाद नेहमीचाच. "गॅस संपला असेल," म्हटलं की स्वयंपाकघरातून शेगडी पेटवून दाखवतात. शेगडीचा मोठा बर्नर तासाला दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर गॅस घेतो, गिझर त्याच्या पाचपट. सिलिंडरमधला गॅस द्रव असतो, तो उकळून वर येतो आणि उकळायला लागणारी ऊब लोखंडाच्या भिंतीतून घेतो. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरासा खाली. जो सहज उकळतो तो आधी निघून जातो. म्हणून सिलिंडर तळाला आला, पहाट थंड असली आणि बाहेर एकदम किलोच्या हिशेबानं गॅस मागितला की तो देऊ शकत नाही. शेगडीपुरता मात्र देत राहतो. दुपारी तोच गिझर त्याच सिलिंडरवर छान पेटतो, आणि मिस्त्री खोटा पडतो.

आचाऱ्यांना हे न शिकवता कळतं. लग्नात मोठ्या भट्टीवर सलग काम चाललं की निळ्या सिलिंडरच्या खालच्या अंगाला पांढरं दव गोठतं, ते जिथंवर असेल तिथंवर आत गॅस. जाळ बसला की कुणी सिलिंडर आडवा करतं, कुणी त्याच्यापाशी निखारे ठेवतं. आडव्या सिलिंडरमधून गॅसऐवजी द्रव बाहेर येतो आणि भट्टीवर फुटभर उंच ज्वाळा उठते. दोन सिलिंडर एका नळीला जोडून आलटूनपालटून वापरले तर हे काहीच करावं लागत नाही, पण दुसरा सिलिंडर आणायचा कुणी, मंडपवाल्यानं की वरबापानं, यावर भांडण असतं. एका बाबतीत मात्र मी जुन्या आचाऱ्यांना मानतो. ते आधी कागदाचा पेटता बोळा भट्टीवर धरतात, मग चावी सोडतात. नवी पोरं चावी सोडून काडेपेटी शोधत फिरतात.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडं हुरड्याच्या पार्ट्यांचं पेव फुटलंय. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका शेतात मला गॅसची शेकोटी दुरुस्त करायला बोलावलं. काळा गोल कठडा, आत ज्वालामुखीच्या दगडासारखे खडे, मधून जाळ येणार, भोवती पाहुणे बसून फोटो काढणार. शेजारीच गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कणसं भाजली जात होती आणि तिथला धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता, म्हणून ही शेकोटी. मालक म्हणाला, "बटण दाबून धरलं की बारकी ज्योत लागते, सोडलं की विझती."

मला ते गिझरच्या सुईचंच भावंड वाटलं. इथं सेन्सरच्या जागी थर्मोकपल असतं. दोन धातूंचा सांधा ज्योतीत तापला की वीस-तीस मिलिव्होल्ट वीज तयार होते, तेवढ्यावर एक छोटं चुंबक गॅसची झडप धरून ठेवतं. ज्योत गेली, सांधा थंड झाला, झडप बंद. कारणं तीन निघाली आणि तिन्ही माणसांची. सजावटीसाठी खडे थेट बारक्या ज्योतीवर रचले होते, तिला हवाच मिळत नव्हती. थर्मोकपलचं टोक वाकून ज्योतीबाहेर गेलं होतं. आणि शेकोटी भट्टीच्या रेग्युलेटरवर जोडली होती. घरगुती रेग्युलेटर तीस मिलिबारच्या आसपास दाब देतो, भट्टीचा त्याच्या कितीतरी पट. एवढ्या जोरात ज्योत छिद्रापासून उचलली जाते, टोकाला टेकतच नाही. खडे बाजूला केले, टोक सरळ केलं, कमी दाबाचा योग्य रेग्युलेटर लावायला लावला, आणि बटण अर्धा मिनिट धरून सोडायला शिकवलं. मुख्य बर्नर पहिल्यांदा भक्क करून पेटला तेव्हा मी सगळं बंद करून नळी सोडली. आत कुंभारीण माशीची माती.

मालकाला एकच विचारायचं होतं, वाऱ्यानं सारखी विझते म्हणून ते धरून ठेवणारं चुंबक काढून टाकता येईल का. मी नाही म्हटलं. वाऱ्यानं विझलेली शेकोटी गॅस सोडत राहिली असती आणि तो गॅस जमिनीलगत गोवऱ्यांच्या आगटीकडंच गेला असता. मी ते हातानं दाखवलं, शेकोटीपासून आगटीपर्यंतची दहा-पंधरा पावलं. मालकानं शेकोटी उचलून शेताच्या दुसऱ्या टोकाला नेली.

पैशांचं मात्र अजून नीट जमलेलं नाही. काही बदललं की लोक देतात, जुना सुटा भाग हातात घेऊन बघतात आणि देतात. जाळी धुतली, सुई घासली, शॉवर बंद केला तर "काहीच तर बदललं नाही की मिस्त्री" म्हणतात. म्हणून आता मी यायचे पैसे फोनवरच सांगतो आणि त्याआधी तीन गोष्टी विचारून घेतो. गॅसचा वास येतोय का? येत असेल तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, १९०६ला फोन करा, माझी वाट बघू नका. सेल कधी बदलले? आणि गिझरच्या नळाखाली पंधरा लिटरची बादली ठेवा, भरायला किती मिनिटं लागतात ते सांगा. तीन-चार मिनिटं असेल तर मी येतो. आठ-दहा लागत असतील तर प्लंबरचा नंबर देतो.